दत्तमत रक्कम आणि गावची शाळा

विधानसभेच्या मतदानाने मंजूर होणाऱ्या खर्चाला महाराष्ट्राच्या अर्थसंकल्पीय परिभाषेत ‘दत्तमत’ खर्च असे म्हणतात, आणि ज्या खर्चावर मतदान घ्यावेच लागत नाही, तो संविधानानेच राज्याच्या एकत्रित निधीवर टाकलेला असल्यामुळे त्याला ‘भारित’ खर्च असे नाव आहे. राज्यपालांचे वेतन व भत्ते, उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचे वेतन आणि राज्याने काढलेल्या कर्जाचे व्याज हे भारित खर्चाचे ठळक प्रकार होत. शाळेचा खडू, शिक्षकाचा पगार, वर्गखोलीचे छप्पर आणि मुलीच्या स्वच्छतागृहाचे दार या सर्वांचा खर्च मात्र दत्तमत आहे. सावकाराचे व्याज दरवर्षी आपोआप सुरक्षित राहते आणि बालकाच्या शिक्षणासाठी दरवर्षी नव्याने मत मागावे लागते, ही वस्तुस्थिती सार्वजनिक शिक्षणाच्या अर्थकारणाचा विचार करताना सर्वांत आधी लक्षात घेतली पाहिजे. शिक्षणाचा हक्क संविधानात आला, तरी त्या हक्काची किंमत ठरवण्याचे काम विधानसभेकडेच राहिले. म्हणून गावच्या शाळेचे भवितव्य समजून घ्यायचे तर विधानभवनात मांडल्या जाणाऱ्या मागण्यांची पुस्तके वाचावी लागतात. प्रस्तुत व्याख्यानाचा विषय हाच आहे.

मागणी, मत आणि विनियोजन

संविधानाच्या अनुच्छेद २०२ अन्वये प्रत्येक वित्तीय वर्षासाठी राज्याच्या अंदाजित जमा-खर्चाचे विवरण विधिमंडळापुढे ठेवले जाते. त्यालाच व्यवहारात अर्थसंकल्प म्हणतात. त्यातील दत्तमत खर्च अनुच्छेद २०३ प्रमाणे ‘अनुदानाच्या मागण्यां’च्या रूपाने विधानसभेपुढे येतो. महाराष्ट्रात या मागण्यांना विभागवार अक्षरे दिलेली असून शालेय शिक्षण व क्रीडा विभागाचे अक्षर ‘ई’ आहे, आणि सर्वसाधारण शिक्षणाची मोठी मागणी ‘ई-२’ या क्रमांकाने ओळखली जाते. मागणीच्या पोटात लेखाशीर्षे असतात; देशभर समान असलेल्या वर्गीकरणात ‘२२०२’ हे सर्वसाधारण शिक्षणाचे प्रधान शीर्ष असून त्याखाली प्राथमिक, माध्यमिक, उच्च, प्रौढ शिक्षण अशी उपविभागणी असते. मागण्या मंजूर झाल्यावर अनुच्छेद २०४ नुसार विनियोजन विधेयक संमत होते, आणि या विधेयकाचा कायदा झाल्याखेरीज एकत्रित निधीतून, म्हणजे राज्याचा सर्व महसूल व कर्जे ज्या एका खात्यात जमा होतात त्या निधीतून, एक रुपयाही काढता येत नाही. वर्षाच्या मध्ये रक्कम अपुरी पडली किंवा नवी बाब उद्भवली, तर अनुच्छेद २०५ अन्वये पूरक मागण्या आणल्या जातात. आणि पूर्ण अर्थसंकल्प संमत होण्यास अवकाश असेल तेव्हा काही महिन्यांच्या खर्चापुरते ‘लेखानुदान’ घेतले जाते.

या रचनेत एक मर्यादा आहे, जिची जाणीव मतदारांना सहसा नसते. राज्यपालांच्या शिफारशीशिवाय कोणतीही मागणी मांडता येत नसल्यामुळे, आणि राज्यपालांची शिफारस म्हणजे प्रत्यक्षात मंत्रिमंडळाचा निर्णय असल्यामुळे, विधानसभेच्या २८८ सदस्यांपैकी कोणालाही शिक्षणाच्या मागणीत एका रुपयाची वाढ सुचवता येत नाही. सभागृह मागणी मान्य करू शकते, अमान्य करू शकते किंवा कमी करू शकते; वाढवू शकत नाही. म्हणूनच शाळेसाठी अधिक पैसा मागू इच्छिणाऱ्या सदस्याला कपात सूचनेचा आधार घ्यावा लागतो: रक्कम नाममात्र कमी करावी असे सुचवायचे आणि त्या निमित्ताने शाळेची गाऱ्हाणी सभागृहाच्या नोंदीवर आणायची, ही संसदीय परंपरेची रीत आहे. चर्चेसाठी ठरलेले दिवस संपले की उरलेल्या सर्व मागण्या चर्चेविना एकदम मतास टाकल्या जातात. या पद्धतीला ‘गिलोटिन’ म्हणतात. ज्या मागणीवर लाखो मुलांची शाळा उभी आहे, ती मागणी पुरेशा चर्चेविना संमत होणे नियमात बसते, परंतु ते प्रातिनिधिक शासनाच्या हेतूत बसत नाही.

विधान परिषदेची स्थिती याहूनही विचार करायला लावणारी आहे. ७८ सदस्यांच्या या सभागृहात सात सदस्य शिक्षक मतदारसंघांतून निवडून येतात. म्हणजे ज्या सभागृहात शिक्षकांना स्वतंत्र प्रतिनिधित्व आहे, त्याच सभागृहाला मागण्यांवर मतदानाचा अधिकार नाही, कारण तो अधिकार अनुच्छेद २०३ ने केवळ विधानसभेला दिला आहे आणि धन विधेयकावर परिषदेला फार तर १४ दिवसांत शिफारशी करता येतात. शिक्षक आमदारांनी अनुदानाचा प्रश्न अनेक वर्षे तळमळीने मांडला, तरी तो प्रश्न ज्या मताने सुटायचा ते मत दुसऱ्या सभागृहात पडते. त्यामुळे शाळेचा प्रश्न हा ‘शिक्षक आमदारांचा विषय’ समजून विधानसभेच्या सदस्यांना त्यातून मोकळे करणे, ही मतदारांनी अजाणता दिलेली सवलत ठरते.

पैशाचा प्रश्न पहिल्यापासूनच

सार्वजनिक शिक्षणाचा मूळ प्रश्न पैशाच्या वाटणीचा आहे, हे महाराष्ट्रात जोतीराव फुले यांनी फार लवकर ओळखले होते. १८५४ च्या वुड यांच्या खलित्याने खाजगी संस्थांना सरकारी साहाय्य देण्याची अनुदानपद्धती रूढ केली, आणि या साहाय्याचा लाभ प्रामुख्याने शहरी व वरिष्ठ वर्गांच्या शिक्षणाला होत गेला. १८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात जोतीरावांनी राज्याचा महसूल कोणाच्या श्रमातून उभा राहतो आणि तो कोणाच्या शिक्षणावर खर्च होतो, हा प्रश्न थेट उपस्थित केला. प्राथमिक शिक्षण विशिष्ट वयापर्यंत सक्तीचे करावे, स्थानिक उपकराच्या निधीतून त्यासाठी निश्चित वाटा राखून ठेवावा आणि गावच्या शिक्षकाला किमान १२ रुपये वेतन मिळावे, अशा हिशेबी सूचना त्यांनी केल्या. उदात्त आवाहनाबरोबर रकमेचा आकडा मांडणारे हे निवेदन शैक्षणिक अर्थकारणातील मराठी परंपरेचा आरंभबिंदू मानले पाहिजे.

पुढे १६ मार्च १९११ रोजी गोपाळ कृष्ण गोखले यांनी केंद्रीय विधान परिषदेत प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. ज्या भागातील स्थानिक संस्था तयार असतील तेथे सहा ते दहा वर्षे वयाच्या मुलांना शिक्षण सक्तीचे करावे आणि खर्चाचा दोन-तृतीयांश भाग सरकारने उचलावा, असा त्यांचा अतिशय संयमित आराखडा होता. तरीही मार्च १९१२ मध्ये ते विधेयक १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. विरोधाच्या कारणांत खर्चाचा मुद्दा अग्रभागी होता. पैसा कोठून आणणार, या प्रश्नापुढे तत्त्व हरले. याउलट ज्यांच्या हाती तिजोरीची किल्ली होती अशा दोन संस्थानिकांनी हाच प्रश्न सोडवून दाखवला: सयाजीराव गायकवाड यांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सुरू केलेला सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग १९०६ मध्ये संपूर्ण बडोदे संस्थानाला लागू केला आणि शाहू महाराजांनी १९१७ मध्ये करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले. गोखल्यांचे विधेयक आणि या दोन संस्थानांचे कायदे यांची तुलना केली असता जो धडा मिळतो तो आजही लागू आहे: अर्थसंकल्पावर ज्याचे नियंत्रण असते त्याच्या इच्छाशक्तीवर सक्तीच्या शिक्षणाचे यश अवलंबून असते. लोकशाहीत ते नियंत्रण विधिमंडळाकडे आले; म्हणून शाहू महाराजांची जबाबदारीही विधिमंडळाकडेच आली.

स्वातंत्र्यानंतर संविधानाच्या मूळ अनुच्छेद ४५ ने १४ वर्षांपर्यंतच्या बालकांना दहा वर्षांत मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचा प्रयत्न करण्यास राज्याला सांगितले. कोठारी आयोगाने १९६४ ते १९६६ या काळात केलेल्या अभ्यासातून शिक्षणावरील खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्क्यांपर्यंत नेण्याची शिफारस पुढे आली, आणि १९६८ च्या धोरणापासून २०२० च्या धोरणापर्यंत ती पुन्हा पुन्हा लिहिली गेली. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद २१-अ आणला, आणि १ एप्रिल २०१० पासून बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम अंमलात आला. या अधिनियमाच्या कलम ७ ने आर्थिक जबाबदारी केंद्र व राज्य या दोघांवर टाकली असली, तरी केंद्राकडून मिळणारी रक्कम व स्वतःची साधने विचारात घेऊन निधी पुरवण्याची अखेरची जबाबदारी राज्य शासनाची आहे, असे त्याच कलमात म्हटले आहे. हक्क राष्ट्राने दिला, त्याचा बराचसा भार राज्याच्या मागणीत आला.

एक बालक, अनेक मागण्या

महाराष्ट्रात सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या शाळांचे स्वरूप एकच नाही. जिल्हा परिषदांच्या शाळा १ मे १९६२ पासून अस्तित्वात आलेल्या पंचायत राज व्यवस्थेचा भाग आहेत. तेथील शिक्षकांचे वेतन राज्याच्या अनुदानातून येते. नगरपालिका व महानगरपालिकांच्या शाळांना त्या संस्थांचा स्वतःचा निधी आणि राज्याचे साहाय्य असे दोन आधार असतात. मुंबई महानगरपालिकेचा शिक्षणाचा तर स्वतंत्र अर्थसंकल्प मांडला जातो. रयत शिक्षण संस्थेसारख्या संस्थांनी उभारलेल्या माध्यमिक शाळा अनुदानित म्हणून ओळखल्या जातात. त्यांच्या मान्य पदांचे वेतन शासन देते. आदिवासी मुलांच्या आश्रमशाळा आदिवासी विकास विभागाच्या मागणीत, तर इतर काही वसतिगृहे व आश्रमशाळा अन्य कल्याणकारी विभागांच्या मागण्यांत येतात. केंद्र पुरस्कृत ‘समग्र शिक्षा’ योजना, जिच्यात सर्व शिक्षा अभियान, राष्ट्रीय माध्यमिक शिक्षा अभियान आणि शिक्षक-प्रशिक्षणाची योजना २०१८-१९ पासून एकत्र केल्या गेल्या, तिचा खर्च केंद्र व राज्य ६०:४० या प्रमाणात उचलतात.

या विखुरलेल्या रचनेचा परिणाम असा होतो की, एका बालकाच्या एका वर्षाच्या शिक्षणावर राज्य नेमके किती खर्च करते, हे अर्थसंकल्पाच्या कोणत्याही एका पानावर सापडत नाही. शिक्षकाचा पगार एका शीर्षाखाली, पोषण आहार दुसऱ्या, इमारतीची दुरुस्ती जिल्हा नियोजन समितीच्या आराखड्यात आणि गणवेश तिसऱ्याच योजनेत असतो. जे मोजता येत नाही त्याची तुलना करता येत नाही, आणि तुलनेअभावी अन्यायही दिसेनासा होतो. गडचिरोलीतील आश्रमशाळेतल्या मुलीवर व पुण्यातील अनुदानित शाळेतल्या मुलीवर होणाऱ्या खर्चाची समोरासमोर मांडणी झाली, तर विषमतेचा वाद तर्काऐवजी आकड्यांवर होऊ शकेल.

लहान शाळेचा हिशेब या संदर्भात विशेष बोलका आहे. समग्र शिक्षेतील संयुक्त शाळा अनुदान पटसंख्येनुसार ठरते आणि ३० पर्यंत पट असलेल्या शाळेला ते वर्षाला १०,००० रुपये, म्हणजे महिन्याला सुमारे ८३३ रुपये, एवढे येते. खडू, फळा, स्वच्छता, किरकोळ दुरुस्ती आणि वीजबिल या सर्वांसाठी हीच रक्कम आधाराला असल्यामुळे मुख्याध्यापकाला ग्रामपंचायतीकडे, पालकांकडे किंवा स्वतःच्या खिशाकडे वळावे लागते. वीस किंवा त्याहून कमी पटाच्या १४,७०० हून अधिक शाळा राज्यात असून त्यांत सुमारे १ लाख ८५ हजार मुले शिकतात, असे शिक्षण विभागाच्या आकडेवारीतून २०२३ मध्ये समोर आले, आणि त्यानंतर या शाळा जवळच्या ‘समूह शाळे’त एकत्र करण्याची कल्पना पुढे आली. प्रति विद्यार्थी खर्च जास्त दिसतो, हा त्या कल्पनेमागील आर्थिक तर्क होता. परंतु वाडीवरची शाळा बंद झाल्यावर ओढा ओलांडून चालत जाणाऱ्या सात वर्षांच्या मुलीचा वेळ, जोखीम आणि गळतीची शक्यता यांची किंमत कोणत्याही लेखाशीर्षात नोंदलेली नसते. अर्थसंकल्पात न दिसणारा खर्च समाजाने सोसलेला असतोच. तो सर्वांत दुर्बल कुटुंबाच्या खात्यावर पडतो, इतकाच फरक.

निर्णय आणि तरतूद यांतील दरी

शासन निर्णय, ज्याला बोलीत ‘जीआर’ म्हणतात, हा मंत्रालयाने काढलेला प्रशासकीय आदेश असतो; तरतूद ही विधिमंडळाने संमत केलेली रक्कम असते. निर्णयामुळे आशा निर्माण होते, पण पगार तरतुदीतूनच होतो. या दोहोंतील अंतराची किंमत महाराष्ट्रात अंशतः अनुदानित शाळांच्या शिक्षकांनी जितकी मोजली तितकी क्वचितच कोणी मोजली असेल. ‘कायम विनाअनुदानित’ या अटीवर परवानगी मिळालेल्या शाळांच्या बाबतीत ‘कायम’ हा शब्द २००९ मध्ये वगळण्यात आला, आणि त्यामुळे मूल्यांकनास पात्र ठरणाऱ्या शाळांना टप्प्याटप्प्याने अनुदान मिळण्याचा मार्ग खुला झाला. २०१६ मध्ये २० टक्क्यांचा टप्पा सुरू झाला. पुढील टप्प्यांसाठी दर वेळी आंदोलन, आश्वासन, निर्णय आणि तरतुदीची प्रतीक्षा हेच चक्र फिरत राहिले. ऑक्टोबर २०२४ मध्ये वाढीव २० टक्क्यांचा निर्णय झाला, परंतु त्यासाठीचा निधी उपलब्ध न झाल्यामुळे जुलै २०२५ मध्ये पावसाळी अधिवेशन चालू असताना राज्यभरातील शिक्षकांना भर पावसात आझाद मैदानावर बसावे लागले, आणि त्यानंतरच निधीचे ठोस आश्वासन मिळाले. मधल्या काळात कित्येक शिक्षकांनी अर्ध्या पगारावर किंवा पगाराविना, शेतमजुरी व शिकवण्या करून, वर्गातील काम सोडले नाही. त्यांच्या त्यागावर राज्याच्या शिक्षणाची आकडेवारी उभी राहिली, हे कृतज्ञतेने आणि खेदाने नोंदवले पाहिजे.

अनुदान मागण्याचा मार्ग न्यायालयातूनही जातो, असे अनेक संस्थांना वाटते. परंतु सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२१ मध्ये उत्तर प्रदेशातील एका प्रकरणात स्पष्ट केले की, संस्थेला शासकीय अनुदान मिळणे हा मूलभूत हक्क नसून धोरणाचा विषय आहे आणि आर्थिक मर्यादा लक्षात घेऊन शासन ते धोरण बदलू शकते. बालकाचा शिक्षणाचा हक्क मूलभूत आणि शाळेचे अनुदान धोरणात्मक, अशी ही विभागणी आहे; म्हणून शाळेच्या निधीचा अंतिम निवाडा विधिमंडळातच व्हायचा आहे.

वेतनेतर अनुदानाची कथाही याच दरीतील आहे. वेतनेतर अनुदान म्हणजे पगाराखेरीज शाळा चालवण्यास लागणाऱ्या खर्चाचे साहाय्य: भाडे, प्रयोगशाळेचे साहित्य, ग्रंथालय, वीज, झाडलोट. अनुदानित शाळांचे हे साहाय्य मध्यंतरी कित्येक वर्षे थांबलेले होते आणि पुन्हा सुरू झाले तेव्हाही ते पूर्वीपेक्षा आखूड झाले होते. शाळेत शिक्षक आहेत, प्रयोगशाळेत रसायने नाहीत; संगणक आहेत, वीजजोडणी तोडलेली आहे, असे चित्र ज्या शाळांत दिसते तेथे दोष बहुधा मुख्याध्यापकाचा नसतो. लेखाशीर्षातील रिकामी जागा वर्गात दिसू लागलेली असते.

शिक्षकाचे वेतन आणि ‘महसुली’ खर्चाची दृष्टी

शासकीय हिशेबात खर्चाचे महसुली आणि भांडवली असे दोन वर्ग करतात. ज्यातून स्थायी मालमत्ता निर्माण होते, जसे रस्ता, धरण, इमारत, तो भांडवली खर्च. आणि वेतन, व्याज, निवृत्तिवेतन यांसारखा दरवर्षीचा खर्च महसुली. शालेय शिक्षणाच्या मागणीचा बहुतांश भाग वेतनाचा असल्याने तो महसुली ठरतो. २००५ च्या राजकोषीय उत्तरदायित्व अधिनियमाने महसुली तूट आटोक्यात ठेवण्याची शिस्त राज्याला लावली आणि ती शिस्त आपल्या जागी योग्यच आहे. परंतु तिचा एक अनपेक्षित परिणाम असा झाला की, वित्तीय शिस्तीची वेळ आली की रिक्त पदे भरणे पुढे ढकलणे हा सर्वांत सोपा उपाय ठरू लागला. मे २०१२ मध्ये शिक्षक भरतीवर आलेली बंदी आणि नंतर ‘पवित्र’ या ऑनलाइन प्रणालीतून सुरू झालेल्या भरतीला लागलेला दीर्घ काळ यांचा या दृष्टीने विचार करावा लागतो. नियमित नेमणुकीपूर्वीच्या तीन वर्षांच्या शिक्षणसेवक काळात प्राथमिक शाळेतील तरुण शिक्षकाला मिळणारे मानधन एक दशकाहून अधिक काळ दरमहा ६,००० रुपयांवरच राहिले. २०२३ मध्ये ते १६,००० रुपये झाले. इमारतीचा दगड मालमत्ता आणि तिच्यात शिकवणारा माणूस बोजा, ही हिशेबाची भाषा समाजाच्या विचारात उतरली, तर शाळेचे नुकसान अटळ आहे. सात वर्षांच्या मुलाला वाचता येणे ही पन्नास वर्षे टिकणारी मालमत्ता आहे. ती हिशेबवहीत भांडवली म्हणून लिहिता येत नसली तरी विधिमंडळाने ती तशीच मानली पाहिजे.

खर्चाचा काळ हाही यातील महत्त्वाचा घटक आहे. अर्थसंकल्पात मंजूर झालेली रक्कम वर्षभर समप्रमाणात मिळत नाही. वित्त विभाग ती टप्प्यांनी मुक्त करतो आणि पुष्कळ वेळा मोठा भाग वर्षाच्या अखेरीस हाती येतो. वित्तीय वर्ष ३१ मार्चला संपते व अखर्चित रक्कम व्यपगत होते, म्हणजे तिचा वापर करण्याचा अधिकार संपतो. शाळेचे वर्ष मात्र जूनमध्ये सुरू होते. त्यामुळे पावसाळ्यापूर्वी लागणारी छपराची दुरुस्ती ‘मार्च एंड’च्या घाईत कागदावर पूर्ण होण्याचा आणि पहिल्या पावसात तिचे सत्य उघडे पडण्याचा धोका कायम राहतो.

दुसऱ्या एका राज्याचा अनुभव

राज्य विधिमंडळ आणि शाळेचा निधी यांचा संघर्ष भारतापुरता नाही. अमेरिकेत शिक्षण हा मुख्यतः राज्यांचा विषय असून शाळांचा निधी परंपरेने स्थानिक मालमत्ता करातून येतो. परिणामी श्रीमंत वस्तीची शाळा संपन्न आणि गरीब वस्तीची शाळा दरिद्री राहते. १९७३ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने टेक्सास राज्यातील सॅन अँटोनिओ प्रकरणात पाच विरुद्ध चार मतांनी असा निर्णय दिला की, राष्ट्रीय संविधान शिक्षणाला मूलभूत हक्क मानत नाही. त्यानंतर हा लढा राज्यांच्या संविधानांकडे वळला. वॉशिंग्टन राज्याच्या १८८९ च्या संविधानात सर्व बालकांच्या शिक्षणासाठी पुरेशी तरतूद करणे हे राज्याचे सर्वश्रेष्ठ कर्तव्य असल्याचे लिहिलेले आहे. या कलमाच्या आधारे दाखल झालेल्या मॅक्लिअरी प्रकरणात त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१२ मध्ये विधिमंडळ कर्तव्यात कमी पडल्याचे जाहीर केले आणि सुधारणेसाठी २०१८ ची मुदत घालून दिली. प्रगती समाधानकारक नसल्याने २०१४ मध्ये राज्याला अवमानाचा दोषी ठरवण्यात आले आणि ऑगस्ट २०१५ पासून दररोज एक लाख डॉलर दंड बसू लागला. अखेर २०१७ मध्ये विधिमंडळाने राज्य मालमत्ता करात वाढ करून शिक्षकांच्या वेतनाचा भार स्थानिक करांवरून राज्यावर घेतला आणि जून २०१८ मध्ये न्यायालयाने प्रकरण संपवले.

या अनुभवातून दोन गोष्टी स्पष्ट होतात. संविधानात कर्तव्य निःसंदिग्ध शब्दांत लिहिलेले असले, तर न्यायालय विधिमंडळाला त्याची आठवण करून देऊ शकते; परंतु कर बसवणे आणि रक्कम मंजूर करणे ही कामे सहा वर्षांच्या न्यायालयीन देखरेखीनंतरही विधिमंडळालाच करावी लागली. महाराष्ट्रात न्यायालयाचे हस्तक्षेप मौलिक ठरले आहेत. शासकीय किंवा अनुदानित शाळेच्या एक किलोमीटर परिसरातील खाजगी शाळांना शिक्षण हक्क अधिनियमातील वंचित व दुर्बल घटकांसाठीच्या २५ टक्के राखीव प्रवेशांतून सूट देणारा २०२४ चा नियम मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी जुलैमध्ये रद्द केला, हे त्याचे ठळक उदाहरण होय. पण त्या प्रवेशांची प्रतिपूर्ती, म्हणजे खाजगी शाळेला शासनाने द्यायचे शुल्क, वेळेवर देण्यासाठी लागणारी रक्कम न्यायालयाला मंजूर करता येत नाही. न्यायालय हक्काचे रक्षण करते, हक्काचा खर्च भागवण्याचे काम अर्थसंकल्पाचे आहे.

विधिमंडळाने व नागरिकांनी काय करावे

पहिली आवश्यकता अशी की, ज्या शासन निर्णयाने शाळांवर किंवा शिक्षकांवर आर्थिक परिणाम होतो, त्याबरोबरच त्याची तरतूद कोणत्या लेखाशीर्षात, किती आणि कोणत्या अधिवेशनात होणार, हे त्याच कागदावर नमूद व्हावे. तरतुदीशिवाय निर्णय न काढणे हा शिस्तीचा साधा नियम असून त्यामुळे मैदानावर बसण्याचे निम्मे प्रसंग टळतील.

दुसरी आवश्यकता मागण्यांच्या छाननीची आहे. संसदेत १९९३ पासून विभागनिहाय स्थायी समित्या कार्यरत असून त्या मतदानापूर्वी मंत्रालयांच्या मागण्या तपासतात. राज्यांपैकी केरळने १९८० पासूनच विषय समित्यांची पद्धत स्वीकारली. लोकलेखा समिती खर्च झाल्यानंतर महालेखापरीक्षकांच्या अहवालाच्या आधारे तपासणी करते आणि पंचायत राज समिती जिल्हा परिषदांचा कारभार पाहते. हे काम मोलाचे आहे, परंतु ते पैसा गेल्यानंतरचे आहे. शालेय शिक्षण, आदिवासी विकास, ग्रामविकास व नगरविकास यांच्या शाळाविषयक मागण्या एकत्र ठेवून मतदानापूर्वी तपासणारी समिती महाराष्ट्र विधिमंडळात नेमाने काम करू लागली, तर एका बालकाचे विखुरलेले हिशेब प्रथमच एका टेबलावर येतील.

तिसरी आवश्यकता विशेष उद्देशाने घेतलेल्या करांच्या हिशेबाची आहे. १९६२ च्या अधिनियमान्वये महाराष्ट्रातील नागरी भागांत जमीन व इमारतींवर शिक्षण उपकर आकारला जातो, आणि केंद्राकडून २००४ पासून आयकर व इतर करांवर शिक्षणासाठी उपकर घेतला गेला. करदात्याने शाळेच्या नावाने दिलेला पैसा शाळेपर्यंत किती पोहोचला, याचे वार्षिक विवरण सभागृहापुढे आणि जनतेपुढे ठेवणे हे विश्वासाचे ऋण आहे.

शेवटची आणि सर्वांत महत्त्वाची आवश्यकता नागरिकांच्या पुढाकाराची आहे. शिक्षण हक्क अधिनियमाने विनाअनुदानित खाजगी शाळा वगळता प्रत्येक शाळेत शाळा व्यवस्थापन समिती निर्माण केली असून तिच्या सदस्यांत किमान तीन-चतुर्थांश पालक असतात. या समितीने शाळा विकास आराखडा तयार करावा, असे कायदा सांगतो आणि हा आराखडा शासनाच्या नियोजनाचा पाया ठरावा, अशीही त्यात तरतूद आहे. गावोगावच्या समित्यांनी हा आराखडा काळजीपूर्वक बनवून आपल्या आमदाराच्या हाती मार्चपूर्वी ठेवला, अर्थसंकल्पाची पुस्तके शासनाच्या संकेतस्थळावरून उघडून ‘ई’ अक्षराची मागणी वाचली, आणि अधिवेशनानंतर आमदार त्या मागणीवर काय बोलले व त्यांनी कसे मत दिले हे ग्रामसभेत विचारले, तर १८८२ मध्ये जोतीरावांनी विचारलेला प्रश्न, महसूल कोणाचा आणि शिक्षण कोणाचे, पुन्हा एकदा योग्य ठिकाणी विचारला जाईल.

शाळेचा खर्च दत्तमत आहे. म्हणजे तो दरवर्षी मताने दिला जातो. विधानसभेच्या सदस्याचे ते मत त्याचे स्वतःचे नसून मतदाराने त्याला दिलेल्या मतातून निर्माण झालेले असते. येत्या अर्थसंकल्पी अधिवेशनापूर्वी प्रत्येक पालकाने, प्रत्येक शिक्षकाने आणि प्रत्येक करदात्याने आपल्या गावच्या शाळेच्या गरजांचा एक पानाचा हिशेब आपल्या प्रतिनिधीला द्यावा आणि त्याचे उत्तर मागावे. शाळा गावाची आहे. तिच्या हिशेबाची विचारणाही गावानेच केली पाहिजे.